आधीच्या कारागिराचं काम

दुरुस्तीला गेला की प्लंबर आधी नाक मुरडायचा, "हे फिटिंग कुठल्या दिवट्यानं केलंय?" आज तो लेकीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसला होता. लेकीच्या डोकेदुखीसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये मेंदूमागची डावी शीर दिसतच नव्हती. गुठळीनं तुंबली असेल? तुंबलेली लाइन फुटते, हे त्याला कुणी सांगायला नको. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची नमुन्याची कवटी हातात दिली. "आतून बोट फिरवा." उजवीकडे शिरेची खोल खाच लागली, डावीकडे जेमतेम रेघ. "मुलीचं हाडही असंच दिसतंय. आधी मोठी असलेली शीर आता तुंबली असती, तरी हाडातली खाच खोलच राहिली असती. डावी जन्मतःच बारीक. उजवी सगळं रक्त नेते. डोकेदुखी निव्वळ चष्म्याच्या नंबराची." बाहेर लेक ताटकळली होती. "काय झालं, बाबा?" "काही नाही गं. तुझं फिटिंगच वेगळं." तिनं नाक मुरडलं, "कुठल्या दिवट्यानं केलंय?" पहिल्यांदाच त्यानं आधीच्या कारागिराला हात जोडले.