सरावाची खोली

"मावशी, जोतिबांचा मृत्यू झाला आहे," डॉक्टर सई म्हणाली आणि थांबली.

समोरच्या खुर्चीत रंगूबाई होत्या. जोतिबांची बायको. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"ब्येस. खुर्ची जवळ घेतलीस, घाई केली न्हाईस. पर सरावातल्या नवऱ्याचं नाव चिंतामण हाय गं. आमच्या मालकांचं नाव कशाला घेतलंस?"

सांगलीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली ही खोली सरावासाठीच होती. वाईट बातमी सांगायला डॉक्टर कसे शिकतात, यावर आयर्लंडमधलं एक विद्यापीठ संशोधन करत होतं. त्याचा काही भाग इथे चालायचा. आटपाडीच्या रंगूबाई इथे रुग्णाच्या बायकोचं काम करायच्या. शिकाऊ डॉक्टर एकेक करून आत येत आणि त्यांना नवरा गेल्याचं सांगत. रंगूबाई रडायच्या, मग डोळे पुसून त्यांच्या चुका सांगायच्या. 'सिरीयस आहे' म्हणून वेळ काढायचा नाही, मृत्यू हा शब्द टाळायचा नाही, सांगून झालं की गप्प राहायचं, हे सगळं सई त्यांच्यासमोरच शिकली होती. तिच्या सरावाचं चित्रीकरण आता आयर्लंडमधल्या वर्गांत दाखवत.

जोतिबा वरच्या मजल्यावर दाखल होते. हृदयाच्या तपासण्या झाल्या होत्या, संध्याकाळी घरी सोडायचं ठरलं होतं. म्हणून रंगूबाई सकाळी निर्धास्त मनाने खाली कामावर आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी फोन बंद ठेवला. दुपारी जोतिबांचं हृदय थांबलं. ते पुन्हा चालू झालं नाही. सांगायला कुणी जायचं, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी सईकडे पाहिलं. तिच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नव्हतं.

"मावशी, हा सराव नाही."

"व्हय, त्यो शिकाऊ डॉक्टर जयराजबी मागं सरावात असंच म्हनाला हुता. लय हुशार समजत हुता सोताला." रंगूबाई हसल्या. "म्या फसले न्हाई."

सईने उठून कॅमेरा बंद केला. परत येऊन बसली.

"मी आत्ता वरून, त्यांच्याजवळून आले. आम्ही खूप प्रयत्न केले. जोतिबांचा मृत्यू झाला आहे."

आवाज स्थिर होता. तो स्थिर ठेवायलाच ती शिकली होती. दुसऱ्या कुठल्या आवाजात हे सांगायचं, तिला माहीत नव्हतं.

रंगूबाई तिच्याकडे निरखून पाहत राहिल्या. हसू अजून होतं, पण नुसतं ओठांवर.

"चेष्टा बास झाली, पोरी. खरं असतं तर तुला इतकं नीट सांगता आलं असतं व्हय?"

सईने तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पहिला शब्द बाहेर आला, दुसरा आलाच नाही. तिने ओठ घट्ट दाबले, तरी आतून एक हुंदका निसटला. मग दुसरा. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

रंगूबाई तिला रडताना बघत होत्या. त्यांच्या ओठांवरचं हसू गेलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.