एकतीस पाकिटं

सावजीच्या दुकानाची पायरी प्रागजी तीनदा चढला आणि दोनदा उतरला. तिसऱ्या खेपेला सावजीनेच हाक मारली, "या प्रागजीभाई. पायरी झिजेल."

प्रागजी आत गेला. वहीत लिहिलं होतं तसं त्याने आधी कचोरीचं नाव काढलं नाही. सावजीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, ते विचारलं. सावजी भरभरून बोलला. मग प्रागजीकडचं बोलणं संपलं आणि दोघं रस्त्याकडे बघत बसले.

"बरं, तेल किती तापवता तुम्ही?" सावजीने विचारलं.

तेलाचं प्रागजीला ठाऊक होतं. त्याने सांगितलं. उठताना सावजीने नेहमीची मागणी लिहून दिली.

वही रळियातची होती, त्याच्या बायकोची. जामनगरच्या एका फरसाणवाल्याच्या कढईपुढे प्रागजीने बावीस वर्षं काढली होती. आपलं स्वतःचं काढू या, हा हट्ट रळियातचा. तो म्हणाला होता, बनवीन मी, पण बोलणार कोण? ती म्हणाली, "मी काय मेले का?" तेव्हा दोघंही हसले होते. पुढे नऊ वर्षं तो घरामागच्या शेडमध्ये सुकी कचोरी तळत राहिला आणि ती मोरबी, राजकोट, भाणवड फिरून दुकानं जोडत राहिली.

पौषात ती गेली.

आजारपणात अंथरुणावर बसून तिने सगळी तयारी केली होती. कोणत्या दुकानदाराशी काय बोलायचं, काय टाळायचं, याची ती वही. शिवाय एकतीस पाकिटं. कडेने काळी रेघ मारलेली, चिकटवून बंद केलेली, एकेका दुकानाचा पत्ता घातलेली.

"तुम्हाला दोन ओळी लिहायला दोन दिवस लागतील," ती म्हणाली होती. "माझी बातमी मीच लिहून ठेवलीय. तेरावं झालं की टपालात टाका. उघडू नका."

त्याने टाकली. उघडायची त्यालाही इच्छा नव्हती. असली पत्रं कुणी जवळ ठेवत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायची आणि तिथेच फाडून टाकायची, अशी रीत.

आता शेडमध्ये कचोऱ्या भरणाऱ्या अकरा बाया रोज विचारत, "भाई, चालू ठेवताय ना?" जुन्या मालकाचाही निरोप आला होता. कढईवर माणूस हवाय, सोमवारपर्यंत कळव. पुन्हा नोकरी धरायची की नाही, हे शेवटी राजकोटच्या वनमाळी शेठवर होतं. निम्मा माल ते एकटे घेत. आणि रळियात सोडून कुणाशी ते धड बोलल्याचं ऐकिवात नव्हतं.

बाकीची तीस दुकानं दोन महिन्यांत झाली. एकही तुटलं नाही. प्रागजीला स्वतःचंच नवल वाटू लागलं. मुख्य म्हणजे, बोलणं अडलं की समोरचा माणूस बरोबर तेलाचं विचारायचा. लोकांना तेलाची एवढी उत्सुकता असते, हे कढईपुढे एवढी वर्षं बसून त्याला कळलं नव्हतं.

शेजारच्या जीवीबेनला त्याने तसं सांगितलंही, बोलणं काही एवढं अवघड नसतं.

"हे नऊ वर्षांपूर्वी तिला सांगायचं होतं," जीवीबेन म्हणाली. "बिचारीच्या चपला वाचल्या असत्या."

वनमाळी शेठच्या नावापुढे वहीत एकच ओळ होती. 'इथे काही पाठ करून जाऊ नका.'

शनिवारी तो राजकोटला गेला. शेठ गादीवर बसले होते. प्रागजी टेकताच ते उठले, गादी सोडून आले आणि त्याच्या उजव्या हाताला बसले. एवढा मान पाहून तो ओशाळला. पण बरंच झालं. त्याचा डावा कान लहानपणापासून बंद होता आणि ते लोकांना सांगायची त्याला लाज वाटे.

"रळियातबेन गेल्या," शेठ म्हणाले.

"हो."

पुढे काही सुचेना. चहा आला. बशीतला चहा निवला. प्रागजीला सोमवार दिसायला लागला, जुन्या मालकाची कढई दिसायला लागली.

"तुमची कचोरी महिनाभर मऊ पडत नाही," शेठ म्हणाले. "तेलाचं काय करता?"

मग प्रागजी बोलला. तेल कोमट असतानाच सोडायच्या. आच वाढवायची नाही. पाऊण तास झारा हातातून खाली ठेवायचा नाही. घाई केली की वरून लाल दिसते आणि आतून रडते. बोलता बोलता त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

"रळियात म्हणायची, कढईशी बोलता तेवढं माझ्याशी बोललात तरी पुष्कळ."

शेठ हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "पुढच्या महिन्यापासून दीडपट पाठवा," ते म्हणाले आणि रिकामे डबे आणायला आत गेले.

प्रागजीने श्वास सोडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा खांदे खाली आले. गार चहा त्याने एका घोटात संपवला, त्याला तो गोड लागला. सोमवारी मालकाला काय सांगायचं, तेही त्याला आपोआप सुचलं. जमलं होतं. त्याचं त्याला जमलं होतं.

बशी ठेवायला तो गादीपुढच्या मेजाकडे वाकला. दौतीखाली काळी रेघ मारलेलं पाकीट होतं आणि त्यावर उघडा कागद. शेठ फाडायचे विसरले असतील. दुकानात अशुभ नको, म्हणून फाडायलाच त्याने तो कागद उचलला. अक्षर रळियातचं होतं.

'वनमाळीभाई, हे पहिल्यांदाच एकटे येतील. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण सांगणार नाहीत, तेव्हा उजवीकडे बसा. गप्प झाले तर तेलाचं विचारा. आणि त्यांचं त्यांना जमलं, असंच वाटू द्या.'