एका अंगणात दोन गाड्या

धाकलूचं दहावं पाताळगंगेवर उरकलं. पाहुणे जेवून चौकच्या रिक्षांनी निघून गेले आणि अंगणात त्याच्या दोन मुलांच्या दोन चकचकीत सेडान तेवढ्या उरल्या. ठाण्याच्या हरेशची जर्मनीहून मागवलेली, पुण्याच्या मनोजची इथल्याच कारखान्यात बनलेली.

मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवत हरेश म्हणाला, "बाहेरच्या इंजिनाची सर आपल्याकडच्याला नाय येणार. परवा सामान आणायला ठाण्याला गेलो होतो, येताना पाऊण तासात घरी."

"दादा, माझी निम्म्या किमतीत तेवढीच पळते," मनोज म्हणाला. "पुण्याहून निघालो की एक्सप्रेस-वेनं तासाभरात इथं. घाटातपण दमत नाय."

त्यांची आई अंबाबाई ओटीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. आजारी नवऱ्याच्या उशाशी महिनाभर जागून तिच्या अंगात बोलायचंही बळ उरलं नव्हतं. तरी तिनं हळूच विचारलं, "तासाभरात पोचतं व्हय रं घरी?"

"कधीपण निघ आये, तासाच्या आतच!" हरेश म्हणाला. मनोजनंही मान डोलावली. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

अंबाबाईनं डोळे उघडून अंगणातल्या दोन्ही गाड्यांकडं पाहिलं.



"आन् मी तुमच्या बाला शेवटपर्यंत सांगत ऱ्हायले, पोरं लय लांब ऱ्हातात, म्हणून येत नायत."