सतरा खुर्च्या

ठक्.

बाळाच्या पापण्या नुकत्याच मिटल्या होत्या. थोपटणारा हात तिने तसाच अधांतरी धरला आणि कान दिला. जिन्यात काहीतरी आपटलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा, जरा वरून. ठक्, ठक्. कुणीतरी एकेक पायरी करत काहीतरी वर आणत होतं.

आणि तिला एकदम आठवलं. खुर्च्या.

आठवडाभर तिने त्या इनमीन दोन खोल्या टेपने मोजल्या होत्या. पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता, सतरंज्या अंथरल्या होत्या. सतरा माणसं कुठे कुठे बसतील ते मोठ्या लेकीच्या, ठकीच्या खडूने फरशीवर आखूनसुद्धा पाहिलं होतं. ओढूनताणून का होईना, सगळे मावत होते. एकच गोष्ट डोक्यातून साफ निसटली. या गोतावळ्यात कुणाकडेही जमायचं, तर प्रत्येकाने आपापली खुर्ची घेऊन यायचं. वर्षाच्या पहिल्या सुट्टीला जाऊबाईंकडे, उन्हाळ्यात नणंदेच्या अंगणात, पावसाळ्यात वायरमनच्या हॉलमध्ये, ज्याची खुर्ची त्याच्या काखेत. नियम इतका मुरलेला, की बोलावताना तो कुणी सांगतही नसे.

दरवर्षी कुणाकडे कधी जमायचं याची यादी करताना जाऊबाई विचारायच्या, "तुझ्याकडे कधी गं?" आणि तीन वर्षं तिचं उत्तर ठरलेलं. "आमच्याकडे जागा कुठे हो ताई? पुढच्या वर्षी बघू." यंदा कसं कोण जाणे, तोंडातून "या" निघून गेलं होतं.

तिने दार उघडलं. पहिला आला वायरमन, नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोन्ही हातांत दोन खुर्च्या.

"वहिनी, खांबावर चढणं बरं," तो धापा टाकत म्हणाला. "तिथे निदान खुर्ची न्यावी लागत नाही."

"आम्ही तर दुसऱ्या मजल्यावरच जेवून घेणार होतो," मागून जाऊबाई म्हणाल्या. "ह्यांनी ओढत आणलं."

सहाव्या खुर्चीला बाहेरची खोली भरली. आठवी दारातच अडकली. नणंद स्वयंपाकघरात कोंडली गेली. नवरा भाताचं पातेलं छातीशी धरून उभा राहिला, कारण ते टेकवायला फरशीच उरली नव्हती. वायरमनची खुर्ची आत आणि बाकीच्यांना हात द्यायला गेलेला वायरमन बाहेर. मुंगी शिरायला जागा नाही, आणि जिन्यात अजून नऊ माणसं नऊ खुर्च्या घेऊन तिष्ठत उभी.

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. आता कुणीतरी म्हणणार, चला, आमच्याकडेच जाऊ. मायेनेच म्हणणार, म्हणून तर जास्त लागणार. आणि मग यादी करताना तिला कुणी कधी विचारायचं नाही. तीही कधी "या" म्हणायची नाही.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "खुर्च्या आणू नका, एवढं सांगायचं राहिलं."

जाऊबाईंचे गुडघे कपाटाला टेकले होते. त्यांना वळता येईना, म्हणून त्या कपाटाकडेच बघत बोलल्या.

"मग काढ की त्यांना बाहेर. जेवायला आम्हाला बोलावलंयस, का खुर्च्यांना?"

"आधी माझी काढा," वायरमन दाराबाहेरून म्हणाला. "मला ठेवलं बाहेर आणि स्वतः जाऊन बसली."

खुर्च्या आल्या वाटेने परत निघाल्या. दोन वरच्या वळणावर, तीन त्याच्या खालच्या, अशा करत पार तळमजल्यापर्यंत. निम्मी माणसं सतरंज्यांवर बसली, निम्मी खुर्च्यांमागून जिन्यात. ताटं हातोहात खाली जाऊ लागली. पहिल्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा एरवी जिन्यात कुणी खोकललं तरी दार उघडून बघत, आताही त्यांनी उघडलं. समोर रिकामी खुर्ची. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि बसले.

"बसलोच आहे," ते म्हणाले, "तर घासभर वाढा."

वर झालेला विनोद खाली पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे हसू दोनदा यायचं. एकदा खोलीतून आणि थोड्या वेळाने जिन्याच्या तळातून. दुसरं पहिल्यापेक्षा मोठं असायचं. बाळ उठलं, या हातातून त्या हातात करत खाली गेलं आणि कुणाच्या तरी मांडीवर पुन्हा झोपूनही गेलं. कुणाच्या, ते तिने विचारलं नाही. बाळ हातात नसताना ती कितीतरी दिवसांनी जेवत होती.

सगळ्यांत वरच्या पायरीवर ती जाऊबाईंना खेटून बसली. मध्ये ठकी, दोघींच्या ताटांत आळीपाळीने हात घालणारी. जाऊबाईंनी पर्समधून पुढच्या वर्षाची यादी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि न विचारताच लिहिलं.

"हीच तारीख, इथेच. आणि खुर्च्या आणायच्या नाहीत."

"आणायच्या," खालून आजोबांचा आवाज आला. "मग मी कशावर बसू?"

ते हसूही दोनदा आलं.

"तीन वर्षं मागे लागलेय मी हिच्या," जाऊबाई यादीची घडी घालत म्हणाल्या. "काय, तर म्हणे जागा नाही."

ठकीचा हात ताटातच थांबला. तिने कठड्यातून वाकून खालपर्यंतची डोकी पाहिली, मग वळून खोलीतली पाहिली. मग आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आई, मग मागच्या वर्षी आपलं घर लहान का होतं?"