वाटीखालची दुखरी जागा

फिजिओने गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा टेकवला आणि जोर दिला. टेबलावर आडवा झालेला फायरमन बोलतच राहिला.

"तर साहेब म्हणतात, कंट्रोल रूममध्ये तुझी खुर्ची तयार आहे. पंख्याखाली. म्हटलं, साहेब, मी काय फोन उचलायला भरती झालो होतो?"

"आणि याचा आवाज असा, की घर पेटलेला माणूससुद्धा घाबरून फोन ठेवून देईल," भिंतीलगतच्या बाकावरून त्याचा जोडीदार म्हणाला. अग्निशमन केंद्रात त्याला सगळे काडी म्हणत. अंगाने तो होताही तसाच, आणि आग विझवणाऱ्यांत एक काडी असावी याची सगळ्यांना गंमत वाटत असे. शिडीवर फायरमन पुढे, काडी त्याच्या मागे, ही जोडी ठरलेली.

फिजिओ हसली नाही. फुटलेली वाटी तारेने बांधली होती आणि त्या तारेचं टोक नेमकं या जागी कातडीखाली टोचत होतं. मागच्या आठवड्यात इथे नुसतं बोट लागलं तर फायरमन ताडकन उठून बसला होता. तिच्या कुळाचा उद्धार ओठांवर आला होता, तो त्याने कसाबसा गिळला होता.

तिने आणखी दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं झालं.

"दुखतंय?"

"छे! एकदम फर्स्ट क्लास."

"मी सांगत होतो ना मॅडम, घोडा झालाय घोडा," काडी म्हणाला. "देऊन टाका सही."

तिची सही झाली की फायरमन पुन्हा शिडीवर जाणार होता. नाही झाली तर त्याच्या जागी उद्यापासून दुसरा माणूस येणार होता. कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसलेला माणूस तिथून परत आल्याचं केंद्रात कुणी पाहिलं नव्हतं.

"पायरीवर या," ती म्हणाली.

आरशासमोर वीतभर उंचीची लाकडी पायरी होती. फायरमन पायरीवर चढून दुखऱ्या पायावर उभा राहिला आणि दुसरा पाय हळूहळू जमिनीकडे नेऊ लागला. टाच टेकली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आरशात मात्र गुडघा आतल्या बाजूला कलंडला.

"गुडघा आत पडतोय."

"तुम्ही एवढं टक लावून बघताय म्हणून लाजतोय तो."

"बसा इथे. डोळे मिटा. मी बोट लावते. कळलं की सांगायचं."

तो टेबलाच्या कडेवर पाय सोडून बसला. तिने वाटीखाली बोट टेकवलं. तो वाट पाहत राहिला. तिने नखाने कातडी ओरखडली. तो वाट पाहत राहिला. मग तिने हात उचलला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. बाकावरून काडी हे पाहत होता. त्याचं हसू विरत गेलं.

"कळलं," फायरमन म्हणाला. "आत्ता. वाटीच्या खालीच."

त्याने डोळे उघडले आणि तिचे खिशातले हात पाहिले.

"बधिर करायचं इंजेक्शन कुणी दिलं?"

"कसलं इंजेक्शन?"

काडी बाकावरून पुढे सरकला. "माझ्या बायकोनं. नर्स आहे ती. तिला काही बोलू नका, मीच गळ घातली होती."

"हाड जुळलंय," फिजिओ फायरमनला म्हणाली. "पण ही मांडी बघा, आणि ती बघा. उतरताना गुडघ्याला धरून ठेवायची ताकद हिच्यात अजून आलेली नाही. दुखत होतं तोवर तुम्ही जपून तरी उतरत होतात."

"किती दिवस लागतील?"

"दोन महिने तरी. व्यायाम चुकवला नाहीत तर."

"तोवर माझी जागा जाते, मॅडम."

"माहीत आहे."

"अहो, कशाला एवढं ताणताय?" काडी उठत म्हणाला. "करा सही. शिडीवर याच्या मागे मीच असतो. पडला तर माझ्याच अंगावर पडेल. माझी काही तक्रार नाही."

"घ्या!" फायरमन टेबलावरून उतरला. "ज्याच्या जिवावर बेतायचं तो हो म्हणतोय, आणि तुम्ही नाही म्हणताय." तो सरळ पायरीवर जाऊन उभा राहिला. "ये रे काडी. पाठीवर ये. माणूस घेऊन उतरतो की नाही, ते बघू दे मॅडमना."

"मुळीच नाही." फिजिओने पुढे होऊन त्याचा दंड धरला. "खाली या आधी."

"सोडा हो. जन्मभर हेच केलंय." तो कमरेत वाकला आणि काडीला आधार द्यायला दोन्ही हात मागे नेले. "चल."

काडी त्याच्या मागे येऊन उभा राहिला. सरावात शेकडो वेळा टाकले होते तसे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढे टाकले. आता फक्त उडी मारायची बाकी होती.

फायरमनने श्वास रोखून पाय घट्ट रोवले. फिजिओ आरशात काडीच्या बुटांकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने फायरमनचा दंड सोडला.

"अरे, ये की."

खांद्यांवरचे हात आणखी घट्ट झाले. पाठीवर वजन आलं नाही.