टायमिंग बेल्ट

नवरदेवाची गाडी घाटकोपरच्या पुलाखाली एकाएकी बंद पडली. हॉल मुलुंडला आणि मुहूर्त तोंडावर आलेला. सिद्धेशने पुन्हा चावी फिरवली, तर नुसतं सुर्र झालं.

"पेट्रोल संपलं काय रे?" मागून कोणीतरी विचारलं.

"छे, आवाज ऐका," दत्ताराम सर खाली उतरत म्हणाले. "रोज कसं दम लागल्यासारखं फिरतं, आज एकदम हलकं फिरतंय. आतला टायमिंग बेल्ट तुटलाय. पोरांनो, इकडे या, दाखवतो!"

मागच्या वऱ्हाडाच्या खचाखच भरलेल्या बसमधली पोरं धावत आली. सरांनी अर्ध्यांना पिस्टन केलं, अर्ध्यांना झडपा. पिस्टननी उठाबशा काढायच्या. ते खाली बसले की झडपांनी त्यांच्यावर वाकायचं आणि ते उठायच्या आत सरळ व्हायचं. सरांची टाळी म्हणजे बेल्ट. टाळीवर सगळं झकास चाललं. मग सरांनी टाळी थांबवली. झडपा वाकलेल्याच राहिल्या, पिस्टन उठले आणि फटाफट डोकी आपटली.

"कळलं, आत काय झालंय?"

"कळलं!" पोरं डोकी चोळत ओरडली.

"बाबा, रिक्षा थांबवलीय, चला ना!" सिद्धेश रडकुंडीला आला. "हॉलवरून सारखे फोन येतायत!"

"थांब रे, शिकवताना मधे बोलू नये. हं, कोणाला काही शंका?"

सिद्धेशच्या छोट्या दिशाने हात वर केला.

"आजोबा, तुम्ही इथेच शिकवत बसलात, तर तिकडे नव्या आजीला हार कोण घालणार?"