दहा पावलं

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाला. "टोचलं की सांगा."

तिने डोळे मिटले. बराच वेळ थांबली. शेवटी वैतागून म्हणाली, "टोचा की आता!"

"तीनदा टोचलं, बाई."

शेजारी बसलेल्या लेकीने मान फिरवली.

हा चौथा डॉक्टर. पहिल्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने साखर तपासली, ती चोख निघाली. तिसरा म्हणाला, ह्या वयात बायकांना असं वाटतं. वाटतं म्हणे! सहा महिन्यांपूर्वी भर रस्त्यात तिच्या पायातली चप्पल निसटली आणि आपण एका पायाने अनवाणी आलोय हे तिला घरी पोचल्यावर कळलं. तेही लेकीने विचारलं म्हणून.

"काम काय करता?" चौथ्याने विचारलं.

"काही नाही. घरीच असते."

लेक तोंड उघडणार, तोच तिने तिला चिमटा काढला.

"नसांची तपासणी करावी लागेल. नंबर दीड महिन्याने लागेल. तोवर मी काहीच सांगू शकत नाही."

बाहेर आल्याबरोबर लेक उसळली. "खोटं कशाला बोललीस?"

"आमच्या कारखान्यातली निम्मी माणसं ह्याच्याकडेच येतात. पाठ धरलेल्या बाईची खुर्ची सुपरवायझरने दुपारच्या आत दुसरीला दिली, ठाऊक आहे ना? माझी खुर्ची मी देणार नाही."

"आजीचंही पायांपासूनच सुरू झालं होतं."

"मग झालं तर. घराण्याचं दुखणं आहे. त्याचा गावभर डांगोरा कशाला?"

ती बुटांना सोल चिकटवायची. लांबलचक टेबल, एका रांगेत बारा खुर्च्या, पहिली तिची. नवऱ्याने टाकल्यावर त्या खुर्चीवर बसून तिने लेक वाढवली, शिकवली, कुणापुढे हात पसरला नाही. हात असे चालायचे की तिला नावाने कुणी हाक मारतच नसे. सगळ्यांची ती इंजिन.

"काय इंजिन, चपलेला इलॅस्टिक बांधलंस?" शेजारच्या खुर्चीवरच्या फटाकीने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"फॅशन आहे."

"असली फॅशन? हे बघ!" फटाकीने पाय पुढे केला. भर उन्हाळ्यात घोट्यापर्यंत पट्टे आवळलेले सँडल. "ह्याला म्हणतात फॅशन."

"पायांचे नखरे पुरे. जोड मोज तुझे. काल नव्वदच झाले."

"ए, गप्प बसा दोघी," रांगेच्या टोकाहून मावशी ओरडली. मावशी सगळ्यांत जुनी. डबा जागेवरच खायची पद्धत तिनेच पाडलेली. पाय मोकळे करायला बाहेर जाणाऱ्या बायका तिच्या मते कामचुकार.

खिडक्या बंदच असत, सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास आतच कोंडायचा. वारा लागला की सोल्यूशनवर साय धरते, असं सुपरवायझर म्हणे.

ह्या रांगेची कीर्ती मालकापर्यंत गेली होती. सुट्टीची घंटा झाली तरी एक बाई हलत नसे. जी ती आणखी एक जोड पुढ्यात ओढायची. इंजिनला मनातून शिव्या सुचायच्या. टेबलाला रेटा दिल्याशिवाय तिला आता उठता येत नव्हतं आणि ते कुणी बघायला नको होतं. पण ह्या बया आधी जातील तर शपथ! तिच्यापेक्षा एक जोड जास्त काढायची खुमखुमी, दुसरं काय? शेवटी सुपरवायझर दिवे घालवायचा, तेव्हा कुठे अंधारात खुर्च्या सरकायच्या.

मग बातमी आली. मालक स्वतः येणार, सगळ्यांत जास्त जोड काढणाऱ्या बाईला कप देणार. दुसऱ्या कुणाचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता. मालक दाराशी उभा राहणार. पहिल्या खुर्चीपासून दार दहा पावलं.

दहा पावलं ती घरी रोज चालली. दारापासून ओट्यापर्यंत. जमिनीकडे बघितलं की जमायचं. नजर वर केली की पाय दुसऱ्या कुणाचे तरी व्हायचे.

"मग खाली बघून चाल ना," लेक म्हणाली.

"कप घ्यायला निघालेली बाई खाली बघून चालते होय गं?"

त्या दिवशी मालक यायच्या आधीपासून ती उभीच राहिली. मालक आत आला तसा सुपरवायझर खेकसला, "उठा सगळ्या!"

"सोल्यूशन लावून ठेवलंय साहेब, वाळेल," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. मालक हसला. "बसू द्या, बसू द्या. म्हणून तर ही रांग पहिली आहे."

तिचं नाव पुकारलं गेलं. कितीतरी वर्षांनी पूर्ण नाव. मान ताठ, नजर मालकाच्या डोळ्यांत. एक, दोन, तीन. टाळ्या वाजत होत्या. सहा. सातवं पाऊल तिने टाकलं, पण ते कुठे पडलं हे तिला कळलं नाही.

ती आडवी झाली. टाळ्या थांबल्या.

"चप्पल सटकली का?" सुपरवायझर घाईघाईने म्हणाला.

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. तिने कोपरावर भार देऊन मान वर केली.

"नाही. पाय बधिर आहेत माझे. सहा महिने झाले. सुई टोचली तरी कळत नाही. खुर्ची घ्यायची तर घ्या. पण ह्याच पायांवर रोज येऊन मी तुमचे सव्वाशे जोड काढलेत. आहे कुणाची छाती? काढून दाखवा!"

मालकाने हातातला कप खाली केला.

"अरे, बघत काय बसलात?" सुपरवायझर रांगेवर ओरडला. "उचला तिला!"

अकराच्या अकरा जणी तिच्यासाठी उठल्या, आणि एकीलाही टेबलावर दोन्ही हात रेटल्याशिवाय उठता आलं नाही.